लाइट गेली, पण बिघाड नेमका कुठंय? बीडच्या डीपीपासून जीपीएसपर्यंतची गोष्ट

मे महिन्यात वळवाचा पाऊस आणि वारं आलं, की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून वायरमनला एकच फोन जातो, "लाइट कधी येणार?" वायरमनकडे लगेच उत्तर नसतं. त्याला आधी दुसराच प्रश्न सोडवायचा असतो. तार तुटलीय कुठं?

सबस्टेशनमधून निघालेली ११ केव्हीची लाइन बालाघाटच्या डोंगरकडेनं, ओढ्यातून, उसातून कित्येक किलोमीटर जाते. वाटेत तिला फाटे फुटतात. एखादा इन्सुलेटर फुटला किंवा जंपर तुटला, तर दुरुस्तीला कधी कधी अर्धा तासही पुरतो. तो खांब सापडायला मात्र अख्खी रात्र जाते. शेतीपंपाला थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, त्यामुळे ही रात्र गेली की पाण्याची पाळी गेली.

बिघाड झालाय हे ओळखणं आणि तो कुठं झालाय हे शोधणं, या दोन प्रश्नांवर जगभरातल्या विद्यापीठांत अनेक दशकं संशोधन चालू आहे. त्यातल्या एका मोठ्या शोधामागे ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले अरुण फडके हे नाव आहे. हे संशोधन नेमकं काय आहे आणि ते गावातल्या डीपीपर्यंत का पोहोचत नाही, ते पाहू.

परळीला वीज तयार होते, मग बीडमध्ये लाइट का जाते?

बीड जिल्ह्यात परळी वैजनाथला औष्णिक वीज केंद्र आहे. १९७१ मध्ये इथं ३० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले. पुढं २१० मेगावॉटचे तीन संच आले. जुने संच आता बंद झालेत आणि २५० मेगावॉटचे तीन नवे संच आहेत. २०१३ च्या दुष्काळात पाणी नसल्यामुळे हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं.

पण परळीची वीज थेट शेजारच्या गावात जात नाही. ती आधी मोठ्या ग्रीडमध्ये जाते. अंबाजोगाई आणि परळीच्या परिसरात ४०० केव्हीचं गिरवली सबस्टेशन आहे, आणि ७६५ केव्हीच्या लाइनही परळीजवळून जातात. तिथून वीज २२०, १३२ आणि ३३ केव्ही अशा पायऱ्या उतरत ११ केव्हीवर येते. शेवटी गावातली डीपी, म्हणजे रोहित्र, तिला घरात आणि पंपाला चालेल इतक्या दाबावर आणते.

वरच्या पायऱ्यांवर लाइन थोड्या असतात आणि त्यांच्यावर यंत्रांची कडक नजर असते. खाली यावं तसे फाटे वाढतात आणि मोजणारी यंत्रं कमी होत जातात. लाइट जाण्याचे बहुतेक प्रसंग याच शेवटच्या टप्प्यात घडतात.

बिघाड म्हणजे नेमकं काय?

ढोबळमानानं बिघाडाचे दोन प्रकार आहेत. पहिला शॉर्ट सर्किटचा. दोन तारा एकमेकींना चिकटतात, किंवा एखादी तार फांदीतून, खांबातून जमिनीला भिडते. विजेला सोपी वाट मिळते आणि प्रवाह एकदम कित्येक पटीनं वाढतो. यात एकच तार जमिनीला भिडण्याचे प्रकार सर्वात जास्त असतात. दुसरा प्रकार ओपन सर्किटचा. तार तुटते, जंपर निसटतो, फ्यूज उडतो. यात प्रवाह वाढत नाही, उलट थांबतो.

शॉर्ट सर्किट पकडायला सबस्टेशनमध्ये रिले असतो. तो सतत प्रवाह मोजतो. प्रवाह ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला, की तो ब्रेकरला हुकूम देतो आणि लाइन बंद होते. यालाच आपण "लाइन ट्रिप झाली" म्हणतो.

मात्र साधा रिले एवढंच सांगतो की या लाइनवर काहीतरी झालंय. कुठं, ते तो सांगत नाही.

एका भागाकारातून निघणारं अंतर

मोठ्या लाइनवर "डिस्टन्स रिले" वापरतात. त्यामागची कल्पना शाळेतल्या ओहमच्या नियमाचीच आहे. व्होल्टेजला प्रवाहानं भागलं की वाटेतला विरोध मिळतो. तारेच्या एका किलोमीटरचा विरोध आधीच माहीत असतो. समजा तो ०.४ ओहम आहे आणि बिघाडाच्या क्षणी भागाकार ८ ओहम आला. म्हणजे बिघाड सुमारे २० किलोमीटरवर आहे.

प्रत्यक्षात गणित इतकं सरळ नसतं. फांदीचा किंवा जमिनीचा स्वतःचा विरोध त्यात मिसळतो, दुसऱ्या टोकाकडूनही प्रवाह येत असतो आणि अंतर चुकतं. म्हणून रिले सहसा लाइनच्या पहिल्या सुमारे ८० टक्के भागापुरताच लगेच निर्णय घेतो. त्यापलीकडचं काही दिसलं तर थोडा वेळ थांबून पाहतो.

दुसरी पद्धत लाटांची. बिघाड होताच त्या जागेवरून विजेची एक लाट दोन्ही बाजूंना धावते. उघड्या तारेवर तिचा वेग जवळपास प्रकाशाइतका, म्हणजे एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर असतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. लाइनच्या दोन्ही टोकांना ही लाट कधी पोहोचली ते नोंदवलं, की जागा सापडते.

उदाहरण घेऊ. लाइन १०० किलोमीटरची आहे. एका टोकाला लाट दुसऱ्यापेक्षा १०० मायक्रोसेकंद आधी पोहोचली. तेवढ्या वेळात लाट ३० किलोमीटर जाते. म्हणजे बिघाडापासूनच्या दोन अंतरांत ३० किलोमीटरचा फरक आहे. बिघाड जवळच्या टोकापासून ३५ आणि दूरच्या टोकापासून ६५ किलोमीटरवर आहे.

जमिनीखालच्या केबलवरही असंच तंत्र वापरतात. एका टोकातून विजेचा ठोका सोडायचा आणि तो बिघाडावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी ऐकावा तसं.

लाटांच्या पद्धतीत एक अडचण आहे. दोन टोकांची घड्याळं अगदी जुळलेली हवीत. एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर जागा दीडशे मीटरनं चुकते. शंभर किलोमीटर अंतरावरची दोन घड्याळं इतकी जुळवायची कशी? याचं उत्तर आकाशातून आलं.

अरुण फडके आणि जीपीएसचं घड्याळ

अरुण फडके यांचा जन्म १९३८ चा, ग्वाल्हेरचा. १९५९ मध्ये त्यांनी आयआयटी खरगपूरमधून पदवी घेतली आणि पुढं अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९६४ मध्ये डॉक्टरेट केली. नंतर ते अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या वीज कंपनीत काम करू लागले.

त्या काळी रिले म्हणजे फिरत्या चकत्यांचं आणि स्प्रिंगचं यंत्र असायचं. हे काम संगणकाकडून करून घेता येईल का, यावर १९७० च्या दशकात फडके आणि त्यांचे सहकारी झटत होते. त्यांनी तीन फेजच्या मोजमापांतून बिघाड झटपट ओळखण्याची रीत बसवली. ती करताना लक्षात आलं, की लाइनवरच्या व्होल्टेजचा आकार आणि त्याचा कोन दोन्ही अतिशय अचूक मोजता येतात.

हा कोन का महत्त्वाचा? आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे ३६० अंशांचा. परळीतला हेलकावा आणि सोलापुरातला हेलकावा एकाच क्षणी किती मागेपुढे आहेत, यावरून त्यांच्यामध्ये किती वीज वाहतेय आणि ग्रीडवर किती ताण आहे ते कळतं. पण "एकाच क्षणी" हे ठरवायला दोन्हीकडे एकच घड्याळ लागतं.

जीपीएसचा मूळ कणाच घड्याळ आहे. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. उपग्रह आपली वेळ सांगत राहतो, आणि चार किंवा जास्त उपग्रहांकडून आलेल्या वेळांतल्या फरकावरून मोबाईल आपली जागा काढतो. म्हणजे जीपीएसचं लोकेशन हे मुळात वेळेचंच गणित आहे. तीच वेळ सबस्टेशनला दिली, तर शेकडो किलोमीटरवरची मोजमापं एका मायक्रोसेकंदाच्या आत जुळतात. कोनाच्या भाषेत ही चूक ०.०१८ अंश इतकी छोटी असते.

फडके पुढं व्हर्जिनिया टेक विद्यापीठात प्राध्यापक झाले. जेम्स थॉर्प यांच्यासोबत त्यांनी १९८३ मध्ये या मोजणीचा पाया घालणारा शोधनिबंध लिहिला, आणि १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये पहिलं "फेजर मेजरमेंट युनिट", म्हणजेच पीएमयू तयार झालं. २००८ मध्ये दोघांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. आज जगभरातल्या मोठ्या ग्रीडवर अशी यंत्रं बसलेली आहेत, भारतातही.

३० जुलै २०१२ : बिघाड नसताना ट्रिप झालेली लाइन

भारतात या सगळ्याचं महत्त्व २०१२ मध्ये ठळकपणे दिसलं. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास मध्य प्रदेशातली ४०० केव्हीची बीना–ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच झालं. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रीड कोसळले. साठ कोटींहून जास्त लोकांना त्याचा फटका बसला. पश्चिम ग्रीड वेगळा होऊन तगून राहिला, त्यामुळे महाराष्ट्र या अंधारातून वाचला.

त्या लाइनवर शॉर्ट सर्किट झालेलंच नव्हतं. लाइनवर भार प्रचंड होता, प्रवाह वाढलेला होता आणि व्होल्टेज खाली आलेलं होतं. वरचा भागाकार आठवा. व्होल्टेज कमी आणि प्रवाह जास्त, की उत्तर लहान येतं. रिलेला वाटलं बिघाड झालाय आणि त्यानं लाइन तोडली. नियमाप्रमाणे रिलेनं काम केलं, पण भार आणि बिघाड यांतला फरक त्याला कळला नाही.

त्यानंतरच्या चौकशीत घटनाक्रम लावताना पीएमयूच्या नोंदी उपयोगी पडल्या, कारण वेगवेगळ्या राज्यांतल्या नोंदींवर एकाच घड्याळाची वेळ होती.

मग गावातल्या लाइनवर हे का चालत नाही?

४०० केव्हीची लाइन म्हणजे दोन गावांमधला सरळ रस्ता. "३५ किलोमीटरवर" म्हटलं की एकच जागा निघते. गावातली ११ केव्हीची लाइन बाभळीच्या झाडासारखी फांद्याफांद्यांची असते. सबस्टेशनपासून चार किलोमीटर म्हटलं, तर एका फाट्यावर ओढा येतो, दुसऱ्यावर वस्ती आणि तिसऱ्यावर कुणाचा तरी मळा. अंतर एक आणि जागा तीन. त्यात ठिकठिकाणी तारेची जाडी वेगळी, म्हणून किलोमीटरमागचा विरोधही वेगळा. आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला जीपीएस घड्याळाचं यंत्र बसवणं परवडत नाही.

म्हणून वायरमन दुसरी रीत वापरतात. मध्यावरचा एबी स्विच उघडायचा आणि सबस्टेशनला लाइन चार्ज करायला सांगायची. लाइन टिकली तर बिघाड पुढच्या भागात, पुन्हा ट्रिप झाली तर मागच्या. मग उरलेल्या भागाचे दोन तुकडे करायचे. संगणकशास्त्रात याच रीतीला "बायनरी सर्च" म्हणतात. लाइनचे १६ तुकडे असतील आणि दर वेळी बरोबर मधोमध तोडता आलं, तर चार चाचण्यांत जागा सापडते. प्रत्यक्षात स्विच मधोमध नसतात, काही गंजलेले असतात, आणि प्रत्येक चाचणीसाठी अंधारात गाडीवरून जावं लागतं.

काही ठिकाणी लाइनवर "फॉल्ट पॅसेज इंडिकेटर" लावतात. मोठा प्रवाह तिथून गेला की त्याचा दिवा लुकलुकतो. शेवटचा लुकलुकणारा दिवा आणि त्यापुढचा न पेटलेला दिवा यांच्यामध्ये बिघाड असतो.

तक्रारी हाही डेटाच

दुसरा उपाय लोकेशनच्या डेटाचा. खांब, डीपी आणि मीटर यांची जागा नकाशावर नोंदवलेली असेल, तर तक्रारींवरूनही बिघाडाची जागा काढता येते.

एकाच घराची तक्रार आली, तर गडबड त्या घराच्या सर्व्हिस वायरमध्ये असण्याची शक्यता जास्त. एकाच डीपीवरच्या पाच घरांनी फोन केला, तर डीपीचा फ्यूज पाहावा. शेजारच्या दोन डीपी एकदम बंद झाल्या, तर दोघींना वीज देणारा फाटा तपासावा. नकाशावर मागं मागं जात सगळ्या तक्रारींना जोडणारा पहिला बिंदू शोधायचा, एवढंच हे गणित आहे. काही स्मार्ट मीटर वीज जाताच शेवटचा संदेश पाठवतात. तिथं कुणी फोन करायचीही गरज उरत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आरडीएसएस योजनेत असे स्मार्ट मीटर बसवणं हा मोठा भाग आहे.

इथं एक गोष्ट सहज निसटते. मीटर नकाशावर कुठं आहे यापेक्षा तो कोणत्या डीपीला जोडलाय, हे जास्त महत्त्वाचं असतं. एकाच गल्लीतली समोरासमोरची दोन घरं वेगळ्या डीपीवर असू शकतात. उन्हाळ्यात भार वाढला म्हणून काही घरं एका डीपीवरून दुसऱ्या डीपीवर घेतली आणि नोंद बदलली नाही, तर नकाशा बरोबर दिसतो आणि उत्तर चुकीचं येतं. मोकळ्या रानात मोबाईलचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत जागा बरोबर दाखवतं. पण कोणती तार कुठून आली, हे ते दाखवत नाही. ते खांबाखाली उभं राहून पाहावं लागतं.

सगळ्यात धोकादायक बिघाड, जो रिलेला दिसतच नाही

आतापर्यंतचा बिघाड निदान लाइन बंद तरी करत होता. एक प्रकार असा आहे, की तार तुटून जमिनीवर पडते आणि लाइन चालूच राहते.

११ केव्हीच्या लाइनवर एका तारेचा जमिनीशी दाब सुमारे ६,३५० व्होल्ट असतो. ती कोरड्या मुरमावर किंवा दगडावर पडली आणि तिथला विरोध १,००० ओहम असला, तर जमिनीत जेमतेम सहा अँपिअर जातात. लाइनवर एरवी वाहणाऱ्या प्रवाहापुढं हा आकडा किरकोळ असतो. रिले इतका नाजूक ठेवला तर ओल्या फांद्यांनी आणि मोजमापातल्या छोट्या चुकांनीही लाइन दिवसभर ट्रिप होत राहील. म्हणून तो मोठ्या प्रवाहावर लावलेला असतो, आणि हे सहा अँपिअर त्याला दिसत नाहीत. माणसाचा किंवा बैलाचा जीव घ्यायला मात्र एका अँपिअरचा छोटासा अंशही पुरतो. पाऊस कमी आणि जमीन मुरमाड असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात हा धोका विसरून चालत नाही.

अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉन रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटापासून यावर काम केलं. पडलेली तार जमिनीवर ठिणग्या टाकते, त्यामुळे प्रवाह लहान असला तरी त्याची लाट वेडीवाकडी होते. हा वेडेवाकडेपणा ओळखायचा, ही त्यामागची कल्पना. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ लोक गेले. त्यातल्या काही आगी विजेच्या लाइनमुळे लागल्या होत्या. त्यानंतर व्हिक्टोरिया राज्यानं तार जमिनीला लागताच प्रवाह झटकन दाबणारी यंत्रं सबस्टेशनांत बसवायला घेतली.

"९९ टक्के अचूक" वाचलं तर काय विचारायचं?

आता या विषयावर मशीन लर्निंगचे शोधनिबंध भरपूर येतात आणि त्यांतले आकडे सोशल मीडियावर फिरतात. "आमचा प्रोग्राम ९९ टक्के अचूक" असं दिसलं, तर थोडं थांबावं.

समजा एका लाइनवर वर्षभरात १,००० वेळा काहीतरी हालचाल झाली. मोटारी सुरू झाल्या, फांद्या घासल्या, भार बदलला. त्यात तार पडण्याचे प्रसंग फक्त १० होते. एखादा प्रोग्राम प्रत्येक वेळी डोळे मिटून "सगळं ठीक आहे" म्हणाला, तरी तो ९९ टक्के अचूक ठरतो. आणि दहाच्या दहा तारा त्याच्या हातून सुटतात.

म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. खऱ्या बिघाडांपैकी किती पकडले? उगाच किती वेळा लाइन बंद केली? आणि चाचणी खऱ्या लाइनवर झाली की संगणकात बनवलेल्या लाइनवर? संगणकातल्या तारेवर वेल चढत नाही, आकडा पडत नाही, आणि तिथला मुरूम नेहमी सारखाच कोरडा असतो.

तार पडलेली दिसली तर

यंत्र सुधारेपर्यंत पडलेली तार ओळखणारं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे तिथून जाणारा माणूस.

- तार मेलेली आहे असं कधीही धरू नका. गावात लाइट नसली तरी तार जिवंत असू शकते, आणि सबस्टेशनमधून लाइन पुन्हा चार्जही केली जाते.
- किमान दहा मीटर लांब राहा. जनावरं आणि मुलं मागं घ्या. काठीनं तार बाजूला करू नका.
- तारेजवळ असाल तर ढांगा टाकू नका. दोन्ही पाय जुळवून, अगदी छोट्या सरकत्या पावलांनी लांब व्हा. दोन पायांत अंतर पडलं, की जमिनीतूनही शॉक बसतो.
- महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर किंवा जवळच्या सबस्टेशनला कळवा. नुसतं "लाइट नाही" न म्हणता बिलावरचा ग्राहक क्रमांक, डीपीचं नाव आणि दिसत असेल तर खांबाचा क्रमांक सांगा. "अमक्याच्या मळ्याजवळ ओढ्यात तार पडली" हे वाक्यही चालतं.
- झिरो वायरमनला डीपीवर चढायला लावू नका. परमिट न घेता लाइनवर चढलेल्या माणसाला सबस्टेशनमध्ये बसलेला ऑपरेटर पाहू शकत नाही, आणि त्याच वेळी तो लाइन चार्ज करू शकतो.